उमरगा ते सोल : प्रसिद्धीचं मोल

डिसेंबर २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात धाराशिव पोलिसांच्या मदत क्रमांकावर एक फोन आला. उमरगा तालुक्यातल्या तीन मुलींना पळवून नेलंय, असं सांगणारा. पोलिसांनी नंबरचा माग काढला, तर तो उमरग्याहून पुण्याला निघालेल्या एसटीतल्या एका प्रवासी बाईंचा निघाला. गाडी सोलापूर जिल्ह्यात मोहोळला पोचली तेव्हा मुलींना उतरवून घेण्यात आलं. दोघी अकरा वर्षांच्या, एक तेरा वर्षांची. त्यांना पळवून कुणीच नेलं नव्हतं. पुण्याला जायचं, काम करायचं, पैसे साठवायचे आणि दक्षिण कोरियात जाऊन ‘बीटीएस’ या बॉयबँडमधल्या, म्हणजे गाणाऱ्या-नाचणाऱ्या गटातल्या, सात मुलांना भेटायचं, असा त्यांचा बेत होता.

उमरगा लातूर जिल्ह्याच्या शिवेला लागून आहे. तिथल्या, लातूरच्या आणि नांदेडच्या कितीतरी मुलींच्या मोबाइलमध्ये ही सात पोरं रोज हजर असतात. गाणी कोरियन भाषेत. शब्द कळत नाहीत, तरी तोंडपाठ असतात. कुणाचा वाढदिवस कधी, कुणाला काय खायला आवडतं, सगळं ठाऊक असतं. त्या तीन मुलींची हिंमत आणि भाबडेपणा दोन्ही खरे होते. पण ज्यांना भेटायला त्या निघाल्या, ते सातजण तिथे काय देऊन उभे आहेत, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

‘बीटीएस’ची सुरुवात १३ जून २०१३ ला झाली. त्या दिवशी सगळ्यात धाकटा जंगकूक पंधरा वर्षांचा होता. बुसान हे त्याचं गाव सोलपासून दूर, देशाच्या दुसऱ्या टोकाला. गाणाऱ्यांचे गट उभे करणाऱ्या एका कंपनीने निवडल्यावर तो आईवडिलांना सोडून राजधानीत आला आणि इतर मुलांबरोबर कंपनीने दिलेल्या जागेत राहू लागला. सुरुवातीच्या काळात सातही जण एकाच खोलीत, एकावर एक बसवलेल्या पलंगांवर झोपत. कोरियात या उमेदवारांना ‘ट्रेनी’ म्हणतात. शाळा सांभाळून रोज कित्येक तास गाणं, नाच, परदेशी भाषा, कॅमेऱ्यासमोर उभं कसं राहायचं याचं शिक्षण, ठरावीक काळाने परीक्षा आणि जमलं नाही तर घरी रवानगी. अनेक मुलं वर्षानुवर्षं तयारी करतात आणि रंगमंचावर कधीच येत नाहीत.

मराठवाड्याला हे चित्र अनोळखी नाही. दहावी झाली की नांदेड, परभणी, हिंगोलीकडची मुलं लातूरला येऊन खोली करून राहतात. मेसचा डबा, पहाटेपासून ट्यूशन, दर आठवड्याला टेस्ट, भिंतीवर लागलेली गुणांची यादी. अशा खोलीत रात्री अभ्यास संपवून मोबाइल उघडणाऱ्या मुलीला, घर सोडून एका खोलीत राहिलेल्या आणि पुढे जग जिंकलेल्या मुलांची गोष्ट आपली वाटली, तर त्यात नवल नाही. मात्र लातूरच्या मुलाची परीक्षा एक दिवस संपते. निकाल लागतो, मूल घरी जातं किंवा पुढच्या कॉलेजात जातं. बॉयबँडमधल्या मुलाची परीक्षा यश मिळाल्यावर सुरू होते आणि तिचा शेवटचा पेपर कधी, हे कुणीच सांगत नाही.

या धंद्याचा हिशेब आधी पाहायला हवा. मुलांच्या शिक्षणावर, राहण्याखाण्यावर कंपनी खर्च करते आणि कमाई सुरू झाली की तो खर्च आधी वळता करून घेण्याची रीत कोरियात वर्षानुवर्षं होती. गाणं गाजतं, चेहरे फलकांवर झळकतात, पण गाणाऱ्याच्या हातात बराच काळ फारसं काही पडत नाही. २००९ मध्ये ‘टीव्हीएक्सक्यू’ या पाचजणांच्या गाजलेल्या गटातले तिघे आपल्याच कंपनीविरुद्ध कोर्टात गेले. त्यांचा करार तेरा वर्षांचा होता. विशी ओलांडलेल्या मुलाला बाहेर पडेपर्यंत तिशी गाठावी लागेल, असा. त्या वादानंतर तिथल्या व्यापार नियामक आयोगाने नमुना करार तयार केला आणि सात वर्षांची मर्यादा घातली. मुलांनी न्यायालयाची पायरी चढली नसती, तर ही मर्यादा कधी आली असती कोण जाणे.

अमेरिकेत हीच गोष्ट अधिक उघडीनागडी घडली. १९९३ मध्ये लू पर्लमन नावाच्या उद्योजकाने ऑर्लँडो शहरात ‘बॅकस्ट्रीट बॉइज’ उभं केलं. गटात पाच मुलं; पण करारात त्याने स्वतःला सहावा सदस्य म्हणून घातलं होतं, म्हणजे व्यवस्थापक म्हणून मिळणारा पैसा वेगळा आणि सदस्य म्हणून वाटा वेगळा. ‘एनसिंक’ या दुसऱ्या गटाच्या मुलांनाही आपल्या कमाईसाठी त्याच्याशी कोर्टात भांडावं लागलं. पुढे गुंतवणूकदारांची प्रचंड फसवणूक केल्याबद्दल २००८ मध्ये पर्लमनला २५ वर्षांची शिक्षा झाली आणि २०१६ मध्ये तो तुरुंगातच मेला. त्या काळात मुलांच्या शरीराची किंमत काय होती, हे ब्रायन लिट्रेलच्या उदाहरणातून कळतं. ‘बॅकस्ट्रीट बॉइज’मधल्या या गायकाच्या हृदयाला जन्मापासून दोष होता. शस्त्रक्रिया गरजेची आहे हे कळल्यावरही ती दौऱ्याच्या तारखांमुळे पुढे ढकलली गेली. अखेर मे १९९८ मध्ये छाती उघडून शस्त्रक्रिया झाली आणि काही आठवड्यांतच तो पुन्हा दौऱ्यावर होता. त्याच्याच गटातला ए. जे. मॅक्लीन २००१ मध्ये दारू आणि नैराश्यावरच्या उपचारांसाठी दाखल झाला, तेव्हा दौरा थांबवावा लागला.

हे सगळं परक्या देशातलं, असं मानायचं कारण नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रात ‘कंपनी’ हा शब्द उच्चारला की नाटक मंडळीच डोळ्यांसमोर येई. गळा चांगला असलेलं पोर कुणीतरी हेरायचं आणि ते कंपनीच्या बिऱ्हाडी यायचं. तिथेच राहणं, तिथेच जेवण, तिथेच तालीम. गावोगावचे मुक्काम आणि मालकाची शिस्त. मुलींनी रंगमंचावर येणं तेव्हा समाजाला मान्य नसल्याने स्त्रीभूमिका ही मुलंच करत. केशवराव भोसले अगदी लहान वयात ‘स्वदेशहितचिंतक’ मंडळीत आले आणि शारदेच्या भूमिकेने महाराष्ट्रभर गाजले. १९०८ मध्ये, अठराही पूर्ण झाले नसताना, त्यांनी ‘ललितकलादर्श’ काढली. म्हणजे मिसरूड फुटायच्या वयात साऱ्या कंपनीचं पोट त्यांच्या गळ्यावर अवलंबून होतं. ८ जुलै १९२१ ला बालगंधर्वांबरोबर केलेला ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग आजही आठवला जातो. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबरला, विषमज्वराने केशवराव गेले. वय ३१.

बालगंधर्वांची गोष्ट तर प्रत्येक मराठी घरात सांगितली गेली आहे. १२ मार्च १९११, ‘मानापमान’चा पहिला प्रयोग. त्याच दिवशी त्यांची लहानगी मुलगी वारली, आणि तरीही संध्याकाळी ते नायिका भामिनी होऊन रंगमंचावर आले. निष्ठेचा आदर्श म्हणून ही आठवण पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. पण तेव्हा नारायण राजहंस, म्हणजे बालगंधर्व, बावीस वर्षांचे होते, हे सांगायचं राहून जातं. बावीस वर्षांच्या बापाला त्या दिवशी घरी बसून रडता यायला हवं होतं. प्रेक्षकांचं प्रेम एवढं मोठं व्हावं की त्यापुढे स्वतःचं दुःखही पुढच्या तारखेवर टाकावं लागावं, ही कलाकाराची थोरवी असेल. समाजाने मात्र त्यावर नुसतं भारावून जाऊ नये.

पुन्हा कोरियाकडे वळू. ‘बीटीएस’मधला सुगा ट्रेनी असताना खर्च भागवण्यासाठी मोटरसायकलवरून घरोघरी सामान पोचवायचा. त्या काळात झालेल्या अपघातात त्याचा खांदा दुखावला. ही दुखापत घेऊन तो वर्षानुवर्षं नाचला. २०२० मध्ये खांद्यावर शस्त्रक्रिया झाली. याच सुगाने २०१६ मध्ये वेगळ्या नावाने काढलेल्या गाण्यांत आपलं नैराश्य आणि माणसांची भीती उघडपणे मांडली. स्टेडियम भरून माणसं समोर असलेल्या मुलाला माणसांची भीती वाटत होती, हे ऐकायला विचित्र वाटतं. पण माणसांची गर्दी वेगळी आणि माणसांची सोबत वेगळी. गर्दी वाढत जाते तशी सोबत कमी होते. भाजी आणायला बाहेर पडता येत नाही, नवा मित्र करता येत नाही, आणि जुना मित्र बातमी तर विकणार नाही ना, ही शंका मनात येत राहते.

चाहत्याच्या मनात काय चालतं, याचा अभ्यास जुना आहे. १९५६ मध्ये डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकी अभ्यासकांनी रेडिओ-दूरदर्शनवरच्या व्यक्तींशी प्रेक्षकांची जी एकतर्फी जवळीक तयार होते, तिचं वर्णन केलं. पडद्यावरचा माणूस थेट डोळ्यांत पाहून बोलतो, रोज येतो, आपली सुखदुःखं सांगतो. ऐकणाऱ्याला तो घरचा वाटू लागतो. त्याला मात्र ऐकणारा ठाऊकच नसतो. त्या काळी आठवड्यातून एखादा कार्यक्रम असे. आता बॉयबँडमधली मुलं झोपायच्या आधी मोबाइलवर थेट येऊन गप्पा मारतात, जेवून दाखवतात. अशी जवळीक निर्माण करणं हा कंपनीच्या व्यवसायाचाच भाग आहे, आणि तिची शेवटची टोकं मुलांच्या दारापर्यंत पोचतात. कोरियात पाठलाग करणाऱ्या चाहत्यांना ‘सासेंग’ म्हणतात. त्यांना विमानात आपल्या शेजारच्या जागा मिळतात, म्हणून साध्या विमानाने प्रवास करणं अवघड झालंय, असं ‘बीटीएस’च्या व्हीने चाहत्यांना सांगितलं होतं. माझ्या घरी जेवण पाठवू नका, अशी विनंती जंगकूकला २०२३ मध्ये करावी लागली. जून २०२५ मध्ये सक्तीची लष्करी सेवा संपवून तो घरी आला, आणि त्याच रात्री त्याच्या घरात घुसायचा प्रयत्न करणाऱ्या एका परदेशी बाईला पोलिसांनी पकडलं.

या सगळ्याला तोंड देणाऱ्याने थकलो म्हणायचं ठरवलं, तर काय होतं? १४ जून २०२२ ला सातही जण जेवणाच्या टेबलाभोवती बसले आणि गट म्हणून काही काळ थांबत असल्याचं त्यांनी सांगितलं. आरएम या गटप्रमुखाने तेव्हा मांडलेला मुद्दा महत्त्वाचा होता : या व्यवस्थेत माणसाला प्रौढ व्हायला वेळच मिळत नाही, सतत काहीतरी काढत राहावं लागतं. काहीजण रडले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या ‘हाइब’ कंपनीचा शेअर जवळपास २५ टक्क्यांनी कोसळला. थकवा ही खाजगी गोष्ट असते, घरी कळते, फार तर डॉक्टरला कळते. इथे सात तरुणांच्या थकव्यावर शेअर बाजाराने एका दिवसात आकडा लावला. असा आकडा डोळ्यांसमोर असलेला मुलगा पुढच्या वेळी दमलो म्हणेल का?

इंग्लंडमधल्या ‘वन डायरेक्शन’ची कथा आणखी दुःखाची आहे. २०१० मध्ये एका टीव्ही स्पर्धेत एकेकटे आलेले पाच मुलगे परीक्षकांनी एकत्र जोडले. त्यांतला लियाम पेन तेव्हा सोळा वर्षांचा होता. पुढे एका मुलाखतीत त्याने सांगितलं, की गर्दीपासून सुरक्षित ठेवण्यासाठी त्यांना हॉटेलच्या खोलीत बंद केलं जाई. आणि खोलीत काय असायचं, तर दारूच्या बाटल्यांनी भरलेला छोटा फ्रिज. गटातला झेन मलिक मार्च २०१५ मध्ये बाहेर पडला आणि नंतर त्याने आपल्या चिंताविकाराबद्दल आणि जेवण सुटल्याबद्दल लिहिलं. १६ ऑक्टोबर २०२४ ला ब्यूनस आयर्स इथल्या हॉटेलच्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीतून पडून लियाम गेला. शरीरात मद्याचे आणि अमली पदार्थांचे अंश सापडल्याचं तिथल्या सरकारी वकिलांनी जाहीर केलं. केशवरावांसारखा तोही ३१ वर्षांचा होता. उमरग्याच्या मुली एसटीत बसल्या, त्याच्या अडीच महिने आधीची ही घटना.

लिव्हरपूलचे संशोधक मार्क बेलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या एक हजारांहून अधिक रॉक-पॉप कलाकारांच्या आयुष्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रसिद्धी मिळाल्यानंतरच्या पहिल्या पंचवीसेक वर्षांत या कलाकारांचं मृत्यूचं प्रमाण त्यांच्या वयाच्या सामान्य लोकांच्या दीडपटीहून जास्त होतं. २०१२ मध्ये त्यांनी आणखी मोठी यादी तपासली, तेव्हा वेगळीच बाब पुढे आली. एकट्याने गाणाऱ्यांत अकाली मृत्यूचं प्रमाण गटात गाणाऱ्यांच्या दुपटीच्या आसपास होतं. त्यामागचं कारण सिद्ध झालंय असं नाही. पण एकाच गाडीत झोपणारे, एकमेकांची वाईट रात्र ओळखणारे मित्र माणसाला सावरत असतील, हा तर्क पटण्यासारखा आहे. म्हणूनच बॉयबँड फुटण्याचा काळ फार नाजूक. लहानपणापासून पाचजणांत वाटलेलं ओझं अचानक एकट्याच्या खांद्यावर येतं.

भारतात हे यंत्र पुरतं उभं राहिलंच नाही. २००१ मध्ये मुंबईत ‘बँड ऑफ बॉइज’ हा पाचजणांचा गट तयार झाला, पुढच्या वर्षी त्यांचा अल्बम गाजला. पण यातले बहुतेक जण आधीच चांगले मोठे होते, आणि नंतर ते संगीतात, अभिनयात, आपापल्या वाटांनी गेले. सिद्धार्थ हळदीपूर संगीत दिग्दर्शक झाला, सुधांशू पांडे मालिकांत दिसत राहिला. ओळख आधी तयार झाली आणि प्रसिद्धी नंतर आली, की माणूस तरून जायची शक्यता वाढते, असं या उदाहरणावरून वाटतं.

आपल्याकडे लहान वयाची सामूहिक प्रसिद्धी आली ती टीव्हीच्या स्पर्धांमधून. २००८-०९ मधलं ‘सारेगमप लिटिल चॅम्प्स’ लातूर-नांदेडच्या घराघरांत पाहिलं गेलं, आणि त्याला एक जास्तीचं कारण होतं : अंतिम पाचांतला रोहित राऊत लातूरचा. आळंदीची कार्तिकी गायकवाड जिंकली. पुण्याची आर्या आंबेकर, अलिबागची मुग्धा वैशंपायन, कोकणातला प्रथमेश लघाटे आणि रोहित यांच्यासह हे पाचजण ‘पंचरत्न’ म्हणून ओळखले जाऊ लागले. शाळकरी मुलांची नावं एका वर्षात सगळ्या महाराष्ट्राला पाठ झाली.

गाणाऱ्या मुलग्यांच्या बाबतीत इथे निसर्गही हिशेब मागतो. साधारण बारा ते पंधरा वर्षांच्या दरम्यान स्वरयंत्र झपाट्याने वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात आणि आवाज जवळपास एक सप्तक खाली उतरतो. आवाज फुटतो तेव्हा काही महिने तो कुठे जाईल याचा भरवसा नसतो. ज्या आवाजावर लोकांनी जीव लावला तोच आवाज जातो आणि लोक मात्र तेच गाणं तसंच ऐकायला मागतात. मुलाने त्या काळात शांतपणे, कमी गायला हवं. मागणी नेमकी तेव्हाच सर्वांत जास्त असते.

दहा वर्षांनी, २०१९ मध्ये, रोहित ‘इंडियन आयडॉल’च्या अकराव्या पर्वात पुन्हा स्पर्धक म्हणून उभा राहिला. एकदा घरोघरी पोचलेल्या गायकाने पुन्हा परीक्षकांसमोर गाणं आणि पुन्हा मतांची वाट पाहणं, याला मोठं काळीज लागतं. फेब्रुवारी २०२० च्या अंतिम फेरीत तो उपविजेता ठरला. २०२१ मध्ये ते पाचही जण त्याच लहान मुलांच्या स्पर्धेत परीक्षकांच्या खुर्चीत एकत्र बसले, आणि २०२३ मध्ये मुग्धा आणि प्रथमेश यांचं लग्न झालं. लहानपणी एकत्र प्रसिद्ध झालेली ही पाच मुलं एकमेकांना धरून राहिली, यात बेलिस यांच्या आकड्यांचं एक सुखद प्रतिबिंब दिसतं.

सगळ्यांच्या वाट्याला असे सोबती येत नाहीत. एप्रिल २०१६ मध्ये ‘सैराट’ हा चित्रपट आला आणि त्याची नायिका असलेल्या अकलूजच्या रिंकू राजगुरूला गर्दीमुळे नेहमीसारखं शाळेत जाणं जमेना. दहावीची परीक्षा तिला बाहेरून द्यावी लागली. ज्या वयात मुलगी मैत्रिणींबरोबर सायकलवरून शाळेला जाते, त्या वयात तिचा वर्ग सुटला.

कायदा काय म्हणतो, हे पालकांना माहीत असलं पाहिजे. २०१६ मध्ये बालकामगार कायदा बदलला आणि चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला लावायची बंदी झाली. बालकलाकारांना त्यातून सूट मिळाली, पण अटींसह. २०१७ च्या नियमांप्रमाणे मुलाला दिवसात पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही. सलग सत्तावीस दिवसांपेक्षा जास्त काळ त्याला राबवता येत नाही. कमाईतला किमान वीस टक्के हिस्सा राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदत ठेवीत टाकावा लागतो. मुलाच्या इच्छेविरुद्ध त्याला उभं करता येत नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने असा कायदा १९३९ मध्येच केला, कारण चॅप्लिनबरोबर गाजलेल्या जॅकी कूगन या बालनटाची कमाई त्याच्या घरच्यांनीच संपवली होती. कोरियाने २०१४ पासून अल्पवयीन कलाकारांच्या रात्री दहानंतरच्या कामावर बंधन घातलं आणि आठवड्याच्या तासांनाही मर्यादा घातली.

आपल्या नियमांत एक मोठी फट आहे. ते चौदा वर्षांखालच्या मुलांसाठी आहेत. चौदा ते अठरा, म्हणजे ज्या वयात जंगकूक आणि लियाम रंगमंचावर आले त्याच वयाला, हे तासांचे आणि मुदत ठेवीचे नियम लागू होत नाहीत. युवा महोत्सवात एखादा गट गाजतो, रील फिरते, आयोजक फोन करतो आणि सोळा वर्षांच्या मुलाच्या हातात करार येतो. तो वाचून देणारं घरात कुणी असेलच असं नाही. करार किती वर्षांचा, खर्च कुणाच्या कमाईतून वळता होणार, आजारी पडलं तर तारीख कोण रद्द करणार, मधेच सोडायचं ठरवलं तर काय, ही चार उत्तरं लेखी मिळाल्याशिवाय सही होऊ नये. वकिलाची फी द्यावी लागली तरी चालेल.

आणि मूल चौदाच्या आतलं असेल, तर परवानगीचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे करण्याची जबाबदारी आयोजकाची आहे. सिनेमा किंवा मालिकाच नव्हे, तिकीट लावून केलेल्या कार्यक्रमालाही हे लागू होतं. नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण प्रेक्षागृहात किंवा लातूरच्या एखाद्या सभागृहात बारा वर्षांच्या मुलाचं नाव फलकावर झळकण्याआधी ती परवानगी आईवडिलांनी मागून पाहावी, आणि कार्यक्रम झाल्यावर मुलाच्या नावच्या मुदत ठेवीची पावतीसुद्धा.